मुक्या ओळी

मले राग लवकर येते, हे आधीच सांगून ठेवते. आमचे अब्बा मनतेत का अफ्रीन दुधासारखी हाये, नजर हटली का उतू जाते. त्या सोमवारी त नजर हटाचीही वाट पाह्यली नाही मी.

रिसोडले मोंढ्याच्या रस्त्यावर खताच्या दुकानाच्या वर आमचं ऑफिस हाये. दोन खोल्या, एक कूलर आन मी. कंपनी नागपूरची. मी मूळची मंगरूळपीरची, इथंच खोली करून राह्यते. कॉलेजात जावा शिकली, मंजे कॉम्प्युटरची एक भाषा, आन तिच्यातच पोटापाण्याचं काम करते.

आमी एक ॲप बनवलं होतं, बियाण्याच्या उगवणीचं. घरचं सोयाबीन बियाणं मनून पेराचं असन त आधी पाहा लागते का उगवते किती. ओल्या गोणपाटावर दहा ओळी लावाच्या, ओळीत दहा दाणे. गोणपाटाची गुंडाळी करून सुतळीनं बांधाची आन सावलीत ठेवाची. सात दिवसांनी उघडून कोंब मोजाचे. शंभरातून सत्तर निंघाले त थे बियाणं. सत्तरच्या खाली आलं त थे तेलाच्या गिरणीले. ओळीओळीचा आकडा बायांनी मोबाईलात टाकाचा, टक्के ॲप काढन, आन गुरवारी वाशिमच्या बियाणे मेळाव्यात पास झालेल्या पोत्यायले हिरवी चिठ्ठी लागन. चिठ्ठी लागली त बियाणं, नाही लागली त गिरणी. मधात काही नाही.

सोमवारी सगळ्या गावायची यादी चालवून पाह्यली. गावं नावाच्या क्रमानं लागलेली. पयली चार गावं मजेत निंघाली. जऊळका आलं आन ॲप धाडकन पडलं. पडद्यावर लाल अक्षरं: नलपॉइंटर एक्सेप्शन.

ज्यायले जावा येत नाही त्यायच्यासाठी सांगते. जावामंधी नल मंजे काहीच नाही. शून्य बी नाही. शून्य मंजे रिकामी थैली. नल मंजे थैलीच नाही. आन जी थैली नाहीच तिच्यात हात घातला का प्रोग्राम बोंबलते आन जागीच बसते. जऊळक्याच्या नोंदी उघडून पाह्यल्या. बावीस गुंडाळ्या, बाविसातही सातवीपासून दहावीपर्यंत चारही ओळी कोऱ्या. त्याच्यावर कडी मंजे पयल्या साहांतही मधात मधात एखादी कोरी. या अल्ला! दोन तास शिकवलं होतं मी या बायांले. दोन तास! चहा थंड झाला होता माह्या.

नागपूरले करण सरले फोन लावला. थे आमचे वरचे साहेब.

"सोपं आहे अफ्रीन, नल आलं की शून्य धर. एक ओळीचं काम," थे मनले.

केलं. नुसतं जऊळकाच चालवून पाह्यलं, त बाविसाच्या बावीस नापास. होतीनच ना! चार ओळी शून्य धरल्या मंजे बाकीच्या सहा भरभरून उगवल्या तरी साठाच्या वर जाऊच शकत नाही.

"मग कोऱ्या ओळी सोडून दे, भरलेल्यांचीच सरासरी काढ."

थेही केलं. बाविसाच्या बावीस पास. आता मले आखीनच राग आला, कारण मधातली कोरी ओळ खरंच मेलेली असन त? त सडकं बियाणं हिरवी चिठ्ठी लावून कोणाच्या तरी वावरात जाईन आन जूनमंधी थे घर कपाळाले हात लावून बसन. एकात सगळे नापास, एकात सगळे पास. मंग ॲप कायले बनवलं? नाणं फेकलं असतं.

तेवढ्यात पंजाबराव काका जिना चढून आले. मेळाव्याच्या समितीचे अध्यक्ष, रिसोडकडचे मोठे कास्तकार. खाली खताच्या दुकानात बसले होते, माह्या आवाज तिथवर गेला असन. जातेच.

"जऊळक्याच्या बायांनी अर्धवट भरलं काय?" थे मनले. "मंग काढून टाक त्यायले यादीतून. कायले डोक्शाले ताप?"

करण सरनं फोनवरून तेच ऐकलं आन त्यायलेही तेच पटलं. गुरवारी सकाळी दहापर्यंत यादी बिनबोभाट चालली पायजे, नाही त जऊळका बाहेर.

फोन ठेवला न ठेवला त दुसरा वाजला. जऊळक्याची केशरबाई. तिथल्या बायांच्या गटाची प्रमुख तीच. मागच्या साली दारोदार फिरून बावीस घरांले तिनंच तयार केलं होतं का पुढच्या पेरणीले विकतची थैली आणाची नाही, आपलंच बियाणं राखाचं. लोकं हसले होते तिले.

"पोरी," थे मनली, "गुरवारी किती वाजता येऊ आमी? बाया नवी लुगडी काढून बसल्या हायेत."

मले तोंडाले येईन थे बोलाची सवय हाये. त्या दिवशी मात्र मोजूनच बोलली. "मावशी, मी उद्या गावात येते," एवढंच मनलं.

मंगळवारी मालेगावपर्यंत एसटी, पुढं जीप. रस्ताभर मी मनात भांडण पाठ करत होती. पयलं वाक्य बी ठरलं होतं: मावशी, कोरं ठेवाचं असन त ॲप कायले पायजे?

बुद्धविहाराच्या ओसरीत गारव्याले बावीस गुंडाळ्या ओळीनं ठेवलेल्या. बाजूले केशरबाई आन सात-आठ बाया. पाणी पेल्यावर मी मोबाईल मांगतला.

"मावशी, ह्या सातवीपासूनच्या ओळी भरल्या काहून नाही?"

"सातवी कुठं हाये वं तुह्यात?" केशरबाई मनली. "सहाच त हायेत."

"दहा हायेत मावशी!"

"मोज."

मोजल्या. तिचा मोबाईल जुना, लहान तोंडाचा. पडद्यावर सहाच ओळी दिसत होत्या. खालच्या चार पाहासाठी बोट लावून वर सरकवा लागत होतं, आन सरकवा लागते हे कुठंच लिवलं नव्हतं. मी सगळी तपासणी माह्या मोठ्या मोबाईलवर केली होती. तिथं दहाही दिसतेत.

खरं सांगते, कानशिलं तापली माह्यी. दोन दिवस मी ज्यायच्या नावानं खडे फोडून राह्यली होती, त्यायची रत्तीभर चूक नव्हती. पाठ केलेलं भांडण तसंच गिळलं.

"मावशी, हे माह्यं चुकलं. तुमचं नाही."

"हात्तेरी!" केशरबाई हसली. "आमी मनलं, शहरातल्या लोकांले सहाच ओळी लागत असतीन. चाल, मोजू आता. कोंब काही पळून गेले नाहीत."

पयली गुंडाळी उघडली. केशरबाई बोट ठेवत मोजू लागली. "लाभ, दोन, तीन, चार..." एक मनाचं नसते, लाभ मनाचं. पयल्या ओळीत आठ. दुसरीत नऊ. तिसऱ्या ओळीत एकही कोंब नव्हता. दाणे फुगून काळे पडलेले. केशरबाईनं त्या ओळीवर तळहात टेकवला, सुतळीवरची आधीच मारलेली गाठ चाचपली आन चवथी ओळ मोजाले घेतली.

मी मोबाईलात पाह्यलं. तिसरी ओळ कोरी.

"मावशी, हे शून्य झालं ना? मंग शून्य टाका ना तिथं!"

"नाही वं."

"काहून नाही?"

"बियाण्याच्या तोंडावर शून्य मनत नसतेत. ह्या ओळीले आमी मुकी मनतो. नाही बोलली, त नाही बोलली. गाठ मारून ठेवाची."

आता मात्र दूध उतू गेलं. मी मनलं, "मावशी, मशीनले हे समजत नाही! मशीनले कोरं मंजे कोरं! तुमी मोजून मुकी ठेवली, का मोजलीच नाही, थे त्याले कसं समजन? तुमच्या या मुक्या ओळीपायी बावीस घरं यादीतून निंघून राह्यले, ठाव हाये तुमाले?"

बाया माह्या तोंडाकडं पाहू लागल्या. यादीचं मी पयल्यांदा बोलली होती. केशरबाईनं सुतळी खाली ठेवली.

"असं हाये काय," थे मनली. ओरडली नाही. ओरडली असती त बरं झालं असतं. "हे पाय पोरी. माह्या सासूनं मले शिकवलं. तुले कॉलेजनं शिकवलं. मंग मशीनले कोण शिकवन?"

मी मोबाईल खाली ठेवला. बाई बरोबर बोलून राह्यली होती. कोऱ्यात आन मुक्यात फरक हाये हे सातवी शिकलेल्या बायांले पक्कं ठाव होतं, गाठीनिशी ठाव होतं. ज्याले ठाव नव्हतं थे माह्यं ॲप होतं.

मंग आमी बसलो. बावीस गुंडाळ्या, एकेक ओळ. मी वहीत तीन खुणा केल्या: आकडा, मुकी, न मोजलेली. दुपार कलली तवा तिसरी खूण एकाही ओळीसमोर उरली नव्हती. केशरबाईनं तीन गुंडाळ्या आधीच दाराजवळ वेगळ्या काढून ठेवल्या होत्या. त्यायच्या सुतळीले गाठीच गाठी.

"ह्यायचे पोते आमी आणत नाही वाशिमले," थे मनली. "बाकी एकोणीस आणतो. पण तुह्या मशीनले काही सांगू नोको. पाहू त्याले समजते काय."

बुधवारी सकाळी नऊले मी कूलरसमोर बसली आन कोड उघडला. टक्के काढणारं जे फंक्शन होतं, थे आतापर्यंत येईन त्याले आत घेत होतं आन मंग हिशेबाच्या मधात ठेचकाळत होतं. मी त्याच्या दारातच राखणदार बसवला. आधी दहाही ओळी पाहाच्या. एकही नल असन त हिशेबाले हातच लावाचा नाही. तिथंच थांबाचं आन सांगाचं, कोणाची गुंडाळी, कितवी ओळ, आन काय करा लागते. नल दिसला का गुपचूप शून्य धरणं नाही, गुपचूप सोडून देणं नाही. आन एकाची गुंडाळी अडली त तेवढीच अडन, बाकीच्यायनं पुढं चालाचं.

मुक्या ओळीसाठी वेगळं बटण देलं. त्याच्यावर लिवलं: मुकी. दाबलं का बाजूले सुतळीच्या गाठीचं चित्र येते. हिशेब शंभरातूनच होते, तिच्या नावावर एकही कोंब धरल्या जात नाही, पण शून्य कोणाच्या डोळ्याले दिसत नाही. लहान मोबाईलवर सहाव्या ओळीखाली मोठ्या अक्षरात टाकलं, "आखीन चार ओळी खाली हायेत." मंग फोनवर केशरबाई सांगत गेली, मी वहीतून मेळ घालत गेली, आन जऊळक्याच्या नोंदी भरल्या.

करण सरनं दुपारी कोड पाह्यला.

"अफ्रीन, एरर मेसेज वऱ्हाडीत लिहिलास?"

"सर, वाचणार कोण हाये? नागपूर का जऊळका?"

सरनं मेसेज पुन्हा एकदा मोठ्यानं वाचला. मंग मनले, "ठीक. पण उद्या स्टेजवर पडलं तर जबाबदारी तुझी."

"माह्यीच," मी मनली.

पूर्ण यादी चालवली. जऊळका सरसर निंघून गेलं. आन पुढं रिसोड आल्यावर राखणदारानं एक गुंडाळी अडवली. पाहून मी खुर्चीत मागं टेकली. पंजाबराव काका! तीन ओळी भरलेल्या, सात कोऱ्या. सोमवारी यादी ज वरच पडली मनून र पर्यंत पोचलीच नव्हती, नाही त तेव्हाच दिसलं असतं. मी इमानदारीनं फोन केला.

"काका, तुमच्या सात ओळी मोजाच्या राह्यल्या हायेत."

"माह्या बियाण्यात खोट नाही पोरी. तीन ओळीत समजते ना. तू जऊळक्याचं पाय," थे मनले, आन फोन ठेवून देला.

बरं, मी मनलं. आपलं काम सांगाचं होतं.

गुरवारी वाशिमचा हॉल गच्च. स्टेजवर मोठा पडदा, बाजूले वैभवी मॅडम. चिठ्ठ्या देण्याचा अधिकार त्यायचा. मधात पंजाबराव काका कडक इस्त्रीत. समोरच्या रांगेत जऊळक्याच्या बाया, खरंच नव्या लुगड्यांत. मी लॅपटॉपसमोर. तोंडात कुराणातली आयत होती.

पयली चार गावं निंघाली. जऊळका आलं.

केशरबाई: अठ्ठ्याहत्तर. हिरवं.

दुसरी, हिरवं. तिसरी, हिरवं. मधात एक लाल आली, मंग पुन्हा हिरवं, हिरवं, हिरवं. बाविसावी संपली आन ॲप पडलं नाही. एकोणीस हिरव्या, तीन लाल.

"या तीन नापास झाल्यात," वैभवी मॅडम माईकवर मनल्या. "यांचं काय म्हणणं आहे?"

केशरबाई उठली. पदराच्या गाठीतून तिनं तीन सुतळ्या काढल्या आन स्टेजवर जाऊन मॅडमच्या हातावर ठेवल्या.

"त्या तिघींच्या सुतळ्या हायेत मॅडम. पोते आमी घरीच ठेवून आलो."

मॅडमनं त्या गाठींकडं पाह्यलं, मंग पडद्याकडं. केशरबाईनं समजावलं, एक गाठ मंजे एक मुकी ओळ. मॅडम माईकसमोरच मोजू लागल्या. पयल्या सुतळीले चार गाठी, पडद्यावर चार मुक्या. दुसरीले चार, पडद्यावर चार. तिसरीले पाच, पडद्यावर पाच.

"तंतोतंत!" मॅडम मनल्या. "मशीनच्या आधी तुम्हीच निकाल लावून ठेवला होता की!"

टाळ्या पडल्या. साध्यासुध्या नाही, पत्रे हालतीन अशा. माह्या डोळ्याले पाणी आलं, आन मी थे पुसलंही नाही. काहून पुसू?

मंग रिसोड आलं. पडदा थांबला आन हाताएवढ्या अक्षरात लिवून आलं: "पंजाबराव, रिसोड. चवथी ओळ मोजली नाही. गुंडाळी उघडा."

हॉलमंधी आधी खुसखुस, मंग असा हासा का विचारू नका. काका लालबुंद.

"मशीन खराब हाये!"

"काका, मशीन बाकी सगळ्यांसाठी चांगली होती ना?" वैभवी मॅडम शांतपणे मनल्या. "गुंडाळी आणलीय का?"

आणली होती. नियमच होता. स्टेजवर टेबल लावला, गुंडाळी उघडली. काकांले मोजाची सवय नव्हती, गडीमाणसंच मोजत असतीन. बोटं अडखळू लागली. तवा केशरबाई पुढं झाली.

"सरका भाऊ, मी मोजू लागते," थे मनली. आवाजात टोमणा नव्हता. मी असती त नक्की मारला असता. "लाभ, दोन, तीन..."

चवथीत सात, पाचवीत आठ, सहावीत सहा. सातव्या ओळीवर काही नव्हतं. काळे दाणे. काकांनी तोंड उघडलं, शून्य मनाले असतीन, आन तसेच थांबले. त्यायच्या घरीही बियाणं राखणारी आई होतीच ना. त्यायनं ओळीवर तळहात टेकवला, सुतळी घेतली आन स्वतःच्या हातानं गाठ मारली. मंग माह्याकडं पाहून विचारलं, "पोरी, मुकीचं बटण कोणतं?"

मी दाखवलं. साऱ्या हॉलसमोर अध्यक्षानं थे बटण दाबलं.

उरलेल्या तीन ओळी मोजल्या, आन काकांचे झाले एकाहत्तर. हिरवं! काठावर वाचले. आता त्यायच्यासाठी वाजलेल्या टाळ्यांत सगळ्यात मोठा आवाज जऊळक्याच्या रांगेतून आला. काकांनी खाली उतरून केशरबाईले हात जोडले. "बाई, मी तुमाले यादीतून काढा मनलं होतं," थे मनले, सगळ्यायले ऐकू जाईन असं. केशरबाई मनली, "राह्यलो ना पण आमी."

बाहेर मंडपात एकोणीस पोते ओळीनं उभे होते. बाया हिरव्या चिठ्ठ्या घेऊन तयार. केशरबाईनं पयली चिठ्ठी माह्या हातात देली.

"पयली तू बांध."

मी बांधाले वाकली आन फोन वाजला. करण सर.

"अफ्रीन, काय झालं? पडलं का? जऊळक्याचे किती पास?"

"थांबा सर, मोजून सांगते," मी मनली. फोन कानाले, सुतळी दातात, दोन्ही हातानं चिठ्ठीची गाठ आवळली, आन सारा मंडप वळून पाहीन एवढ्या मोठ्यानं मनली, "लाभ!"

मंग दुसऱ्या पोत्याकडं गेली. एकोणीसपर्यंत मोजलं मी, एकेक करत. करण सरनं फोन ठेवला नाही.